विरंगुळा केंद्राचा परिणाम मोजताना

सरकारी अनुदानावर चालणाऱ्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राकडून जे कागद मागितले जातात ते एका फायलीत मावतात. महिन्याची हितग्राही म्हणजे लाभार्थी संख्या, झालेले कार्यक्रम आणि त्यांचे फोटो, लेखापरीक्षित हिशेब, आणि २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झालं याचा दाखला. पैसा कुठे गेला हे त्यातून चोख कळतं. पण वर्षभर रोज येणाऱ्या पंचाहत्तरीच्या आजी आज कशा आहेत, हे त्या फायलीत कुठेही सापडत नाही. लोकांच्या करातून आलेला पैसा आहे, तेव्हा तेही सांगता आलं पाहिजे. इंदूरला रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतले मराठी आणि हिंदी बोलणारे ज्येष्ठ ज्या केंद्रात येतात, तिथे आम्ही हे मोजण्याची पद्धत बसवली. ती कशी बसवली, कुठे कुठे अडली आणि का, ते इथे सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न असतो तो काय मोजायचं याचा. कार्यकर्त्यांना विचारलं की वीस-पंचवीस गोष्टींची यादी तयार होते. ती कापायला आम्ही एकच कसोटी लावली: हा आकडा खाली आला तर केंद्रात आपण काही बदलणार आहोत का? रक्तदाब आणि साखर या कसोटीत गळाली. त्या आम्ही तपासतो, वहीत लिहितो, गरज असेल तर घरच्यांना कळवतो. पण त्यांचा चढउतार डॉक्टर, औषधं आणि घरचं खाणं यांच्यावर ठरतो, त्यामुळे केंद्राच्या खात्यात ते श्रेय किंवा अपश्रेय घालणं बरोबर नाही. उरल्या चार गोष्टी: उठणं-चालणं, मनाची अवस्था, एकटेपणा आणि पडणं. केंद्रात जे चालतं, म्हणजे व्यायाम, भजन, पत्ते, वाचन, सोबतीनं चहा, त्याचा थेट संबंध या चारांशी लागतो.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि ती पुढे सगळ्यात जास्त समजावून सांगावी लागते. शाळेत किंवा कौशल्य प्रशिक्षणात आकडा वर गेला पाहिजे. सत्तरी ओलांडलेल्या माणसात वर्षभरानंतर आकडा तिथेच असणं ही मोठी कमाई आहे, कारण काही केलं नाही तर तो बहुधा खालीच जातो. म्हणून आम्ही प्रत्येकाची नोंद तीन शब्दांत करतो: सुधारले, टिकले, घसरले. अहवालात पहिल्या दोघांची बेरीज येते. नुसती ‘सुधारणा’ मागणाऱ्या तक्त्यात ज्येष्ठांचं केंद्र कायम नापासच दिसणार, आणि मग संस्थांना साठीतले धडधाकट लोक भरण्याचा मोह होणार.

आता चालण्याची चाचणी. ‘उठा आणि चाला’ ही जगभर वापरली जाणारी साधी चाचणी आहे. हाताची खुर्ची, बैठक साधारण ४६ सेंटिमीटर उंच. खुर्चीच्या पुढच्या कडेपासून ३ मीटरवर जमिनीला रंगीत चिकटपट्टी. माणूस पाठ टेकून बसतो, ‘चला’ म्हटल्यावर उठतो, नेहमीच्या चालीनं पट्टीपर्यंत जातो, वळतो, परत येऊन बसतो. ‘चला’ म्हणताच घड्याळ सुरू, पुन्हा बसल्यावर बंद. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात.

ऐकायला सोपं आहे, पण एवढ्याशा चाचणीत चूक शिरायला खूप जागा आहेत. लग्नाच्या हॉलमधल्या बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्च्या हलतात आणि मागे सरकतात, त्यामुळे उठतानाच दोन सेकंद जातात. म्हणून खुर्ची एकच ठेवायची, भिंतीला टेकवून, आणि तिच्या बुडाला रंगाची खूण करायची. म्हणजे सहा महिन्यांनी दुसरीच खुर्ची येत नाही. पायात रोजचीच चप्पल हवी. अनवाणी माणूस गुळगुळीत फरशीवर जपून चालतो, वेळ वाढते. रोज काठी घेणाऱ्यानं चाचणीतही काठी घ्यायची, आणि काठी होती हे नोंदवायचं. पुढच्या खेपेला काठीशिवाय चालवलं तर तुलना संपली. नऊवारी नेसलेल्या आजींना वळताना निऱ्या सावराव्या लागतात, ती वेळ त्यांचीच आहे, ती वजा करायची नाही. पहिली फेरी नेहमी सरावाची, तिची वेळ धरायची नाही. लोक एकदा करून पाहिलं की दुसऱ्यांदा सहज लवकर करतात. पहिल्या वर्षी बिनसरावाची आणि दुसऱ्या वर्षी सरावाची वेळ धरली तर नसलेली सुधारणा कागदावर येते. आणि चालणाऱ्याच्या शेजारून, किंचित मागे, एक माणूस हात तयार ठेवून चालतो. झटकन उठल्यावर चक्कर येणारे बरेच असतात.

एवढी काळजी घेऊनही एकाच माणसाची सकाळची आणि दुपारची वेळ वेगळी निघते. त्यामुळे एक-दीड सेकंदाच्या फरकाला आम्ही बदल मानत नाही, त्याची नोंद ‘टिकले’ अशीच होते. ज्यांना चाचणी करताच आली नाही त्यांच्या रकान्यात शून्य लिहायचं नाही आणि तो मोकळाही सोडायचा नाही. संगणकात शून्य सेकंद म्हणजे सगळ्यात चपळ माणूस ठरतो, आणि मोकळा रकाना सरासरीतून गुपचूप गळतो. ‘करता आलं नाही’ असा वेगळा संकेत ठेवायचा आणि तो ‘घसरले’मध्ये मोजायचा, अर्थात आधी करता येत असेल तर.

मनासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे पाच प्रश्न घेतले. गेल्या दोन आठवड्यांत प्रसन्न वाटलं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, आणि दिवस मनाजोगत्या गोष्टींनी भरलेला होता का. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज २५ पर्यंत, तिला ४ नं गुणलं की शंभरपैकी गुण. १० गुणांहून कमी फरक बदल धरत नाहीत. म्हणजे मूळ बेरीज दोननं वाढली तर ८ गुण, ते सोडून द्यायचे. तीननं वाढली तर १२, ती खरी वाढ.

सहा पर्याय एका दमात वाचून दाखवले की ऐंशीच्या माणसाला शेवटचाच पर्याय लक्षात राहतो. त्यावर उपाय म्हणजे प्रश्न दोन पायऱ्यांत विचारायचा. आधी: “अर्ध्यापेक्षा जास्त दिवस असं वाटलं, की कमी?” जास्त म्हणाले तर: “रोजच, बहुतेक दिवस, की अर्ध्याहून थोडे जास्त?” कमी म्हणाले तर तसेच खालचे तीन. पर्याय तेच राहतात, गुणही तेच, फक्त डोक्यावरचं ओझं कमी होतं. मराठीत विचारलं असेल तर पुढच्या वेळीही मराठीतच विचारायचं. इंदूरच्या घरांत दोन्ही भाषा सहज चालतात, आणि कार्यकर्ता बदलला की नकळत हिंदीत प्रश्न विचारले जातात. म्हणून भाषेचा एक रकाना पत्रकावर छापलेलाच आहे.

‘गेले दोन आठवडे’ या शब्दांमुळे तारखेला फार महत्त्व येतं. गणेशोत्सव नुकताच झालेला असेल, आरत्या, स्पर्धा, नातवंडं घरी, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या गिरण्यांच्या झांक्या (देखावे) पाहून झालेल्या, तर गुण चढलेले मिळणारच. लगेच पुढे पितृपक्ष लागतो, गेलेल्यांची आठवण ताजी होते आणि तीच माणसं खाली उतरतात. मार्चमध्ये होळी आणि रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक), त्यात आर्थिक वर्षअखेरीची धावपळ. मे महिन्यात अर्धं केंद्र मुलांकडे गेलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गुडघे आखडतात, म्हणून चालण्याच्या वेळा वाढतात. हे सगळं टाळत टाळत फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि जुलैचा उत्तरार्ध असे दोन काळ उरले. तुलना नेहमी फेब्रुवारीची फेब्रुवारीशी आणि जुलैची जुलैशी. अनुदानाचा अहवाल एप्रिलमध्ये द्यायचा म्हणून मार्चअखेरीस घाईघाईनं मोजणी उरकणं ही या कामातली सगळ्यात सर्रास दिसणारी गफलत आहे.

या प्रश्नांत २५ पैकी १३ पेक्षा कमी गुण आले तर ती फक्त आकडेवारी राहत नाही. मोजणाऱ्यानं त्याच दिवशी प्रमुखांना सांगायचं, माणसाशी एकांतात बोलायचं, घरच्यांना विश्वासात घ्यायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ आणि ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७ हे क्रमांक पत्रकाच्या तळाशी ठळक छापले आहेत. ज्याच्याकडे पुढची सोय नाही त्यानं हे प्रश्न विचारूच नयेत, असं आमचं ठाम मत आहे. माणूस मन उघडं करतो आणि आपण गुण लिहून पान उलटतो, हे बरं नाही.

एकटेपणाचे तीन प्रश्न आहेत: सोबत नाही असं किती वेळा वाटतं, बाजूला पडल्यासारखं किती वेळा वाटतं, आणि सगळ्यांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं. क्वचितला १, कधीकधीला २, नेहमीला ३ गुण. बेरीज ३ ते ९. हे घरी सुनेसमोर विचारले तर उत्तर ‘क्वचित’च येतं. केंद्रात, बाजूला बसून विचारायचे.

पडण्याची नोंद आठवणीवर सोडली तर हाती काहीच लागत नाही. सहा महिन्यांत किती वेळा पडलात, असं विचारलं की हाड मोडलेलं पडणं तेवढं सांगितलं जातं. न्हाणीघरात घसरून नुसतं खरचटलेलं विसरलं जातं किंवा लपवलं जातं, कारण कळलं तर मुलं बाहेर जाणं बंद करतील ही भीती असते. म्हणून घरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, मराठी घरात बहुधा कालनिर्णय आणि हिंदी घरात लाला रामस्वरूप, पडल्याच्या दिवशी लाल फुली मारायची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन करून फुल्या विचारायच्या. एकही फुली नसेल तर ‘शून्य’ हे त्यांच्या तोंडून ऐकून मगच लिहायचं. ‘पडणं’ कशाला म्हणायचं तेही आधी ठरवून सांगावं लागतं: नकळत जमिनीवर किंवा आधीच्यापेक्षा खालच्या पातळीवर जाणं. पलंगावर धपकन बसणं त्यात धरायचं नाही.

मोजायचं कोणी? जो रोज व्यायाम घेतो, चहा देतो, नावानं हाक मारतो, त्यानं मोजू नये. ज्या ताईंनी वर्षभर जीव लावला त्यांनी “कसं वाटतं?” विचारलं तर “तुमच्यामुळे एकदम छान” हेच उत्तर येणार. त्यात खोटेपणा नाही, माया आहे, पण मोजमाप बिघडतं. आम्ही समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना एका दिवसाचं प्रशिक्षण देऊन बसवतो. प्रशिक्षणात दोघांनी एकाच माणसाची वेळ एकाच फेरीत वेगवेगळ्या घड्याळांवर घ्यायची. अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक आला तर तो जाईपर्यंत सराव. विद्यार्थ्यांना मागच्या खेपेचे गुण दाखवायचे नाहीत. दाखवले की हात आपोआप त्याच आकड्याकडे वळतो.

मोजणीआधी संमती लागते. मोठ्या टायपात एक पान, मराठी आणि हिंदी, वाचून दाखवून सही किंवा अंगठा. मोजायला नाही म्हटलं तरी केंद्रातली जागा जाणार नाही, हे वाक्य त्यात पहिल्या ओळीत आहे. नाव आणि क्रमांक यांची जोडणारी यादी कुलपात, गुणांच्या पत्रकावर फक्त क्रमांक. आधार क्रमांकाचं या पत्रकाशी काही काम नाही.

आता ज्या गोष्टीवर सगळा अहवाल खरा किंवा खोटा ठरतो, ती म्हणजे भाजक, म्हणजे टक्केवारी एकूण किती जणांपैकी काढायची ती संख्या. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा गेल्या फेब्रुवारीत ८० जणांची मोजणी झाली. या फेब्रुवारीत ५० जण हजर आहेत आणि त्यांतले ४० सुधारले किंवा टिकले. ५० पैकी ४० म्हणजे ८० टक्के. पत्रकावर हे फार शोभून दिसतं. पण उरलेले ३० गेले कुठे? केंद्रात येणं थांबतं ते बहुधा प्रकृती ढासळल्यावरच. म्हणजे जे हजर आहेत ते मुळात तगलेलेच, आणि फक्त त्यांना मोजलं की केंद्र आपोआप यशस्वी ठरतं.

म्हणून न आलेल्या प्रत्येकाचा माग काढायचा. या ३० मधले समजा ४ जण वारले, ६ अंथरुणाला खिळले आहेत, ८ पुण्याला किंवा बंगळुरूला मुलांकडे गेले, ५ जणांनी येणं सोडलं आणि ७ जणांचा पत्ता नाही. वारलेल्यांची संख्या अहवालात वेगळ्या ओळीत ठळक द्यायची आणि भाजकातून वजा करायची. ७६ राहिले. अंथरुणावरचे ६ हे घसरलेले. उरले २०, ज्यांचं काहीच माहीत नाही. ते सगळे घसरले असं धरलं तर ७६ पैकी ४०, म्हणजे सुमारे ५३ टक्के. सगळे टिकले असं धरलं तर ७६ पैकी ६०, म्हणजे ७९ टक्के. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि माग काढणं म्हणजे हे अंतर कमी करणं. फोन करून, घरी जाऊन २० पैकी १६ सापडले आणि त्यांतले ९ टिकलेले निघाले, तर पल्ला ४९ ते ५३ जणांवर येतो, म्हणजे ६४ ते ७० टक्के. हा आकडा ८० इतका देखणा नाही, पण तो उद्या कोणी तपासला तरी उभा राहतो. एवढ्या थोड्या माणसांत एक जण म्हणजे एक टक्क्याहून जास्त, तेव्हा दशांश चिन्हापुढचे आकडे छापू नयेत.

फोनवर चालण्याची चाचणी घेता येत नाही. त्यासाठी दोन प्रश्न पहिल्याच मोजणीत सगळ्यांना विचारून ठेवायचे: हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, आणि घराबाहेर एकट्यानं जाता का. पुण्याला गेलेल्या आजोबांना वर्षानं हेच दोन प्रश्न फोनवर विचारले की तुलना होते. पहिल्या मोजणीत विचारलेच नसतील तर नंतरच्या उत्तराला शेजारी ठेवायला काही नसतं. नोंदणीच्या वेळी माणसाच्या स्वतःच्या क्रमांकाबरोबर आणखी दोन क्रमांक घ्यावेत, एक मुलाचा किंवा मुलीचा आणि एक शेजाऱ्याचा. नंबर बदललेला असतो तेव्हा शेजारीच कामी येतात.

एवढं झाल्यावरही हा परिणाम केंद्राचाच का, हा प्रश्न राहतो. जोडीदार गेल्यावर, पडून उठल्यावर, निवृत्तीनंतर घरात करमेनासं झाल्यावर लोक केंद्राची वाट धरतात. म्हणजे पहिली मोजणी त्यांच्या सगळ्यात वाईट दिवसांतली. त्यातून काही जण काळानंच सावरतात. शिवाय वर्षभरात बाहेरून बरंच काही मिळतं. राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या शिबिरात काठी किंवा कानाचं यंत्र मिळालं, मोतीबिंदू काढला, की चालणंही सुधारतं आणि एकटेपणाही कमी होतो. त्यामुळे पत्रकात ‘या वर्षी आणखी काय मिळालं’ असा रकाना आहे, आणि अशा लोकांचा निकाल वेगळा काढून पाहतो. प्रतीक्षा यादीवरच्या लोकांचीही नोंदणीला आणि तीन महिन्यांनी मोजणी होते. त्यासाठी कोणाला मुद्दाम थांबवायचं नाही, जागा रिकामी झाली की त्याच दिवशी बोलवायचं. ते केंद्रात न येताही जेवढे सावरले तेवढं आमच्या आकड्यातून मनानं वजा करायचं. ही कडेकोट सिद्धता नाही. पण ‘आमच्यामुळे झालं’ असं छातीठोक लिहिण्यापेक्षा ती नक्कीच प्रामाणिक आहे.

अहवाल देताना एक धोका सांभाळावा लागतो. परिणामावर पुढचं अनुदान ठरणार असं वाटलं की केंद्रं जास्त थकलेली, सांभाळायला अवघड माणसं घेणं टाळतात. म्हणून निकाल सुरुवातीच्या अवस्थेप्रमाणे तीन गटांत द्यावा: चालण्याला १२ सेकंदांहून कमी लागणारे, १२ ते २० लागणारे आणि २० हून जास्त लागणारे किंवा चालू न शकणारे. प्रत्येक गटात किती जण घेतले तेही लिहावं. तिसऱ्या गटातला एक माणूस टिकवायला पहिल्या गटाच्या मानानं कितीतरी जास्त हात लागतात, आणि दरडोई खर्चाच्या एकाच आकड्यात ते बुडून जातं. विभागाच्या प्रपत्रात यासाठी रकाना नसतो. आम्ही भौतिक प्रगतीच्या, म्हणजे झालेल्या कामाची माहिती देणाऱ्या पानामागे दोन पानी परिशिष्ट जोडतो: पहिल्या पानावर तक्ता, भाजकासकट, आणि दुसऱ्यावर कोण सापडलं नाही, काय मोजता आलं नाही, काय बदललं. परिशिष्ट हिंदीत लिहितो, म्हणजे ते वाचलं जातं.

आकडे केंद्रातल्या लोकांनाही वाचून दाखवतो, नावं न घेता. गटागटानं पाहिल्यावर एक गोष्ट लगेच ध्यानात आली होती. सकाळी लवकरच्या व्यायामाला पहिल्या गटातलेच येत होते, कारण बाकीच्यांना घरून आणून सोडणारं कोणी त्या वेळी मोकळं नसतं. आता दुसरी तुकडी साडेअकराला असते, भिंतीला धरून उभं राहण्याचे आणि खुर्चीतून उठण्या-बसण्याचे व्यायाम, भजनाच्या आधी. तिसऱ्या गटातल्या लोकांच्या पत्रकावर ‘तुकडी’ हा नवा रकाना जोडला आहे, म्हणजे जुलैच्या मोजणीत दोन्ही तुकड्या वेगळ्या काढता येतील.